मालिकेतल्या वाड्याला सातबारा असू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या मनोरंजन पुरवणीत कुठल्या मालिकेत नवं वळण येणार, कोण मालिका सोडणार याच्या बातम्या नियमित असतात. मालिका लिहिली कशी जाते आणि लेखनात ती कुठे बिघडते, यावर मात्र क्वचितच काही छापून येतं. संध्याकाळी सात ते दहा आपल्या घराघरांत हेच लेखन पाहिलं जातं, म्हणून हा पत्रप्रपंच.

‘मालिका फार ताणतात’ ही सर्वांची तक्रार आहे, पण ती अर्धीच खरी आहे. आठवड्याला सहा म्हणजे वर्षाला ३१२ भाग होतात. जाहिरातींना तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे. अर्ध्या तासातून जाहिराती, शीर्षकगीत, मागच्या भागाची उजळणी आणि उद्याची झलक वजा केली की कथेला साधारण २० मिनिटं उरतात. तरीही वर्षाचे १०४ तास भरतात, म्हणजे अडीच तासांचे चाळीसहून जास्त सिनेमे! एवढं लिहायचं तर कथा लांबणारच. त्या २० मिनिटांत काही बदलतं का, हे तपासायला हवं. प्रसंगाच्या सुरुवातीला ज्याला जेवढं ठाऊक होतं आणि ज्याच्या हातात जे होतं, तेच शेवटीही असेल, तर तो प्रसंग कुणी लिहिलेलाच नसतो, फक्त चित्रित केलेला असतो.

असा रिकामा प्रसंग लगेच ओळखू येतो. एक पात्र बातमी सांगतं. कॅमेरा दिवाणखान्यातल्या प्रत्येक चेहऱ्यावर फिरतो, एकदा संथपणे आणि मग दणदणीत पार्श्वसंगीतावर पुन्हा. जाहिरातींनंतर तेच वाक्य परत ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी जो त्या वेळी घरी नव्हता, त्याला तीच बातमी पहिल्यापासून सांगतात. एका बातमीवर दोन भाग निघतात आणि गोष्ट होती तिथेच राहते.

हे का होतं? कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि या तिघांवर वाहिनीची क्रिएटिव्ह टीम. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. आकडा घसरला की चालू ट्रॅक, म्हणजे कथेचा चालू धागा, मोडून नवा लावतात. चित्रित भागांची ‘बँक’ हाताशी असेल तर हे निभावतं. बँक संपली की आज चित्रित केलेलं उद्या-परवा दाखवावं लागतं आणि संवादांचे कागद सकाळी सेटवर पोचतात. अशा घाईत लेखकाचा हात ठरलेल्या युक्त्यांकडेच जातो: दाराआडून ऐकणं, चिठ्ठी चुकीच्या हाती पडणं, अपघात आणि स्मृती जाणं. यात लेखकाच्या आळसापेक्षा वेळापत्रकाचा दोष मोठा आहे.

गुपितांचंही असंच होतं. नायिकेला सत्य माहीत असतं आणि ‘योग्य वेळ आली की सांगेन’ एवढ्यावर ती चार महिने गप्प बसते. सांगितल्यावर काहीतरी जाणार असेल, तरच गुपित प्रेक्षकाला धरून ठेवतं. सांगितलं तर कुणाचं काय जाईल आणि कोणत्या तारखेच्या आत सांगावं लागेल, ही दोन उत्तरं पहिल्याच आठवड्यात मिळायला हवीत. तारीख असली की प्रेक्षक दिवस मोजू लागतो.

सगळ्यात मोठी नासाडी इस्टेटीच्या कथानकांत होते, आणि बहुतेक मालिका इस्टेटीवरच उभ्या असतात. मोठी सून सासऱ्याची कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही घेते आणि दुसऱ्या दिवशी वाडा, शेत, कारखाना सगळं तिच्या नावावर! ज्या कोल्हापूर जिल्ह्यात सातबारा, फेरफार आणि वाटणीपत्र हे शब्द पोराटोरांना पाठ आहेत, तिथल्या माणसाने हे कसं मानून घ्यावं? खरेदीखत करायचं तर लिहून देणाऱ्याला दुय्यम निबंधकासमोर यावं लागतं. तिथे त्याचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतात, ओळख पटवायला दोन साक्षीदार लागतात. बक्षीसपत्रही नोंदवावंच लागतं. मृत्युपत्र नोंदवण्याची सक्ती नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतातच. नंतर फेरफाराची, म्हणजे मालकी बदलल्याची, नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस मिळतात. हरकत आली की सुनावणी, मगच मंडळ अधिकारी नोंद मंजूर किंवा रद्द करतो.

यातली प्रत्येक पायरी म्हणजे एक प्रसंग आहे. साक्षीदार कोण झाला? नोटीस कुणी घेतली आणि कुणाला दाखवली नाही? पंधरावा दिवस कधी संपतो? शिवाय फार खर्चही नाही. वाड्याचा सेट तोच, टेबलावर एक कागद पुरतो. खलनायिका हुशार दाखवायची असेल तर आजारी सासऱ्याकडून ‘बँकेची कामं करायला’ म्हणून तिच्या नावे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्याच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार, होऊ द्या. मग ते रद्द करायची धावपळ दाखवा.

वारसाहक्काचंही तेच. सासरा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत बायको, आई, मुलगे आणि मुली यांना समान हिस्से मिळतात. वडिलोपार्जित मालमत्तेत २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. नवरा हयात असताना सुनेला सासऱ्याकडून वारसाने काहीच येत नाही. म्हणजे घरातला खरा पेच दोन सुनांमधला नाही, तो भाऊ आणि बहिणीतला आहे. भाऊ हक्कसोडपत्राचा कागद पुढे करतो. सही केली तर हिस्सा जातो, नाही केली तर माहेर तुटतं. साडीचोळी घेऊन सही करणारी बहीण आणि ‘मला वाटणी नको, पण दिवाळीला दार उघडं ठेवा’ म्हणणारी बहीण, दोघी आपल्या गावोगावी आहेत. या एका कागदावर सहा महिन्यांची मालिका उभी राहते आणि त्यात कुणाला विष घालावं लागत नाही. मालिकेत मात्र नणंद फक्त चहाड्या करायला येते.

याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ केला. कर्ज, कागद आणि जमीन गमावलेला शेतकरी एवढ्या ऐवजावर तो मूकपट उभा होता. शंभर वर्षांनंतर आपण कोऱ्या कागदावरची सही दाखवतो, याचं वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट कामाच्या दिनदर्शिकेची. मालिका सण काटेकोर पाळतात. संक्रांत, गुढीपाडवा, गणपती, दिवाळी त्या त्या आठवड्यात साजरी होते. पण नायकाचं घर ‘साखरसम्राटांचं’ असूनही गाळप हंगाम सुरू झाल्याचं कधी कळत नाही. दिवाळीच्या आसपास ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. ऊस वाहणाऱ्या वाहनमालकाने टोळीच्या मुकादमाला लाखोंची उचल (आगाऊ रक्कम) दिलेली असते आणि टोळी येतच नाही. तोडलेला ऊस एका दिवसात कारखान्यावर गेला नाही तर वजन आणि साखरेचा उतारा घटतो. एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, शेतकऱ्याला १४ दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. यात मुदती आहेत, भांडणं आहेत, लग्न पुढे ढकलायला खरी कारणंही आहेत. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडते, मग ४३ फुटांची धोका पातळी. जनावरं आधी हलवायची की सामान, यावरून एकाच घरातली दोन माणसं कशी वेगळी आहेत ते दिसतं. पूर प्रत्यक्ष दाखवायला पैसे लागतात हे मान्य. फोनवरून फुटांचे आकडे ऐकणारं कुटुंब दाखवायला काय लागतं?

भाषेबद्दल थोडक्यात. ‘तुझ्यात जीव रंगला’ २०१६ मध्ये सुरू झाली आणि तिने इथली बोली आणि तालीम महाराष्ट्रभर नेली, याचा अभिमानच आहे. नंतर मात्र कोल्हापुरी पात्र म्हणजे ‘नाद खुळा’ आणि चढा आवाज एवढंच उरलं. इथल्या बायका घरात सहज ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात, बोलताना ‘काय करायलास’ असं येतं. चंदगडची बोली वेगळी, शिरोळची वेगळी, पेठेतली वेगळी. संवादात हे कानाने उतरवावं लागतं, दर वाक्याला ‘रं’ जोडून ते येत नाही.

वाहिन्यांना विनंती एवढीच की मालिका सुरू करण्यापूर्वी पहिल्या १०० भागांची कथा शेवटासकट लिहून घ्यावी, आणि जमीन, कोर्ट, दवाखाना येणारे प्रसंग त्या त्या कामातल्या माणसाला वाचायला द्यावेत. मोरेवाडीच्या चित्रनगरीत इथले तंत्रज्ञ कामाला आहेत, तर बोलीचे संवाद तपासायलाही इथलाच माणूस घ्यावा. आणि आपल्या पुरवणीने मालिकेच्या बातमीत कलाकारांसोबत कथा, पटकथा आणि संवादलेखकांची नावं छापावीत, दर २५ भागांनंतर लेखनाची समीक्षा द्यावी. पहिली समीक्षा इस्टेटीच्या ट्रॅकची असावी आणि ती लिहायला एखाद्या निवृत्त तलाठ्याला सांगावं.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर