बायका टिकत नाहीत, असं तू लिहिलंस

भोसरी, पुणे
रविवार, संध्याकाळ

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मिळालं. शिरोलीच्या शेडमध्ये नवं मशीन उभं राहिलं, माणसं वाढवतोयस, वाचून फार बरं वाटलं. पण शेवटी लिहिलंस, "इन्स्पेक्शनला या वेळी पोरंच घेतो, बायका टिकत नाहीत." आठ दिवस ते वाक्य मनातून जात नाहीये.

आमच्या युनिटमध्ये इन्स्पेक्शनच्या टेबलावर एक ताई होत्या. जॉब, म्हणजे मशीनवर बनलेला भाग, हातात घेतला की अंगठ्याचं नख कडेवरून फिरवायच्या. कडेला धातूची बारीक कूस (बर) राहिली असेल तर मापाचं गेज लावायच्या आधीच तो बाजूला काढायच्या. मार्चमध्ये शिफ्ट आठची सहाला आणली. कंपनीची बस नाही. पाचला अंधारात घर सोडायचं, मग मुलीला शाळेत कोण सोडणार? तीन आठवडे शेजारणीच्या भरवशावर काढले आणि राजीनामा दिला. त्यांचा हिशोब मीच केला. कारणाच्या रकान्यात मला 'घरगुती अडचण' लिहायला लावलं. मी लिहिलं, आणि त्याची बोच अजून आहे. शिफ्ट कंपनीने बदलली, बस कंपनीने दिली नाही. अडचण घरगुती कशी?

माझंही आठव. गौरव झाला तेव्हा चार वर्षं घरी होते. परत लागले तेव्हा माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा माझ्यापेक्षा साडेतीन हजार जास्त घेत होता. काम तेच, रजिस्टर तेच.

2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जातात, असं आलं. पुरुषांत चारातला जेमतेम एक घरकामाला हात लावतो, आणि जो लावतो त्याची 97 मिनिटं. म्हणजे तुझ्या गेटवर कार्ड पंच करणाऱ्या बाईची घरी आणखी अर्धी पाळी असते.

तू म्हणशील, आता बायका कामात वाढल्यात. खरंय. 15 वर्षांवरच्या बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, 2023-24 मध्ये 41.7 झाला. पुरुषांचा 78.8. पण काम करणाऱ्या या बायकांत तिघींमागे एकीहून जास्त घरच्याच शेतात-दुकानात बिनपगारी राबतात. आकडा वाढला, हातात पैसा आला नाही. देशाचा विकास टिकाऊ हवा म्हणतो आपण. निम्म्या माणसांची मेहनत पगारपत्रकात येतच नसेल तर तो टिकणार कशावर?

आणि बायका टिकत नाहीत म्हणतोस, तर आमच्या सोसायटीतल्या कचरा नेणाऱ्या मावशी बघ. पुण्यात कचरावेचकांनी 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, त्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली, 2008 मध्ये महापालिकेशी करार झाला. त्यात बहुतेक बायकाच. मावशी पावसातही चुकत नाहीत. काम घराजवळ, ओळखपत्र गळ्यात, संस्था स्वतःची.

आपल्या राज्याला हे नवं नाही रे. 1972 च्या दुष्काळात माझी आजी पाझर तलावावर खडी फोडायला जायची. पुढे 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. बाई-पुरुषाला एकच दर, आणि कामावर पोरं सांभाळायची सोय, हे त्या योजनेतच होतं. उघड्या माळावर जे जमवायचं ठरवलं, ते पत्र्याच्या शेडखाली का जमू नये?

बाळंतपणाच्या रजेची धास्ती तुला आहे, ते ओळींमधून कळलं. 2017 पासून रजा 26 आठवड्यांपर्यंत आहे, पण बाई ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत असेल, (त्यासाठी पगार महिना 21,000 पर्यंत हवा), तर त्या काळाचे पैसे विमा महामंडळ देतं. रजेचा पगार तुझ्या खिशातून जात नाही. पाळणाघराची सक्ती 50 माणसांपासून, तुझी तेवढी नाहीत. तरी शेजारच्या दोन-तीन शेडवाल्यांना विचार. तिघांत एक खोली आणि एक सांभाळणारी बाई काही जड नाही. तिला मात्र पगार नीट द्या.

तुझ्या शेडमागे भंगार टाकलेली ती खोली डोळ्यांसमोर येतेय. जाहिरात द्यायच्या आधी ती एकदा उघडून बघ, आणि तिला खिडकी आहे का, ते मला कळव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझीच,
नंदा