चार जुलै, दामू आणि विन्या

क्विन्सी, ५ जुलै

प्रिय बाळ्या,

इकडे आल्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहितोय तेही कामापुरतं. शिव्या आधीच घालून घे. तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच.

काल इथे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. फटाके थांबले तरी झोप नाही, डोक्यात दामू आणि विन्या. चार जुलैचा त्यांच्याशी काय संबंध? सांगतो. लेकीच्या घराजवळच जॉन ॲडम्सचं, अमेरिकेच्या दुसऱ्या राष्ट्राध्यक्षाचं, घर आहे. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा थॉमस जेफरसननं लिहिला आणि तो मंजूर व्हावा म्हणून सभागृहात भांडला ॲडम्स. दोघं जिवलग. मग १८०० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जेफरसननं ॲडम्सला हरवलं, आणि शपथविधीच्या दिवशी ॲडम्स उजाडायच्या आत वॉशिंग्टनमधून निघून गेला. वाचनालयाच्या निवडणुकीत दामूकडून हरल्यावर विन्या हारतुऱ्यांच्या आधी सायकल काढून पसार झाला होता, आठवतं? त्याच्या वाटचा चहा तूच प्यायलास.

पुढे दहा-अकरा वर्षं अबोला. तो मोडला एका डॉक्टरनं, म्हणून हे पत्र तुला. फिलाडेल्फियाचा बेंजामिन रश, दोघांचाही मित्र. १८०९ मध्ये त्यानं ॲडम्सला कळवलं की मला स्वप्न पडलं: तुम्ही दोघं पुन्हा पत्रं लिहू लागलात आणि शेवटी जवळजवळ एकाच वेळी गेलात. खरंच पडलं की रचलं, देव जाणे. डॉक्टर कशा थापा मारतात ते मी तुझ्याकडे पाहून शिकलोय. ॲडम्स लगेच बधला नाही. पण १८११ मध्ये जेफरसनच्या शेजारची दोन माणसं भेटायला आली, तेव्हा म्हातारा बोलून गेला की जेफरसनवर माझं प्रेम होतं आणि अजून आहे. ते तिकडे पोचलं, तिकडून रशकडे, आणि रशनं फिरवून ॲडम्सकडे. १ जानेवारी १८१२ ला ॲडम्सनं पत्र टाकलं. घरच्या मागावरचे दोन नग पाठवतोय, असं त्यात गमतीनं लिहिलं. होती मुलाच्या व्याख्यानांची पुस्तकं. पत्र आधी पोचलं, पुडकं मागे राहिलं, आणि जेफरसननं उत्तरात व्हर्जिनियातल्या घरगुती विणकामावर निबंध लिहिला. अगदी दामू!

त्यानंतर मरेपर्यंत पत्रं. आणि ४ जुलै १८२६, जाहीरनाम्याला पन्नास वर्षं पूर्ण: दुपारी व्हर्जिनियात माँटिसेलोच्या आपल्या घरी जेफरसन गेला, संध्याकाळी इथे ॲडम्स. तिकडची बातमी इकडे पोचलेली नव्हती; ‘जेफरसन अजून आहे’ असं ॲडम्स पुटपुटला म्हणतात. पाच वर्षांनी आणखी एक माजी राष्ट्राध्यक्ष, मन्रो, गेला, तोही चार जुलैलाच.

तू म्हणणार योगायोग. ८३ आणि ९० वर्षांची माणसं केव्हातरी जाणारच. गच्चीवरचं ते भांडण पुन्हा नको, तेव्हाही तूच हरला होतास. पण जेफरसन आदल्या रात्री विचारत होता, चार तारीख लागली का? माणूस असा एखाद्या दिवसासाठी तग धरतो का रे? वॉर्डात पाहिलं असशील. सावकाश सांग.

मला तारखेपेक्षा १८१३ मधलं ॲडम्सचं एक वाक्य छळतंय: एकमेकांना आपलं म्हणणं समजावून सांगितल्याशिवाय आपण दोघांनी मरता कामा नये. दामूला दोन अटॅक येऊन गेले. विन्या फोनवर मला ‘त्याचं कसं आहे’ विचारतो, नाव न घेता. दामू विचारत नाही, पण विन्याच्या नातवाचा दहावीचा निकाल त्याला माझ्याआधी कळलेला असतो. मी मध्ये पडलो तर विन्या म्हणेल तू दामूच्या पार्टीतला. मतमोजणीला मी होतो हे तो विसरणार नाही. तुझ्याकडे मात्र दोघंही बीपी तपासायला येतात. एकाचं मोजताना दुसऱ्याचा विषय काढ. हवं तर स्वप्न पडलं म्हण. आणि सुरुवात विन्याकडून करून घे, तो बोलका आहे, शिवाय हरलेला.

वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? चिन्मयला पुण्यात जागा मिळाली का? दवाखाना विकणार होतास, ते खरं की नेहमीसारखं? याची उत्तरं नंतर दे, आधी विन्याचं बघ. आणि व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा पाठवू नकोस.

तुझा,
अप्पा