तुझा फोन परत पाठवतोय

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन माझ्या टेबलावर, मग मेसेज करू कुठे? मैत्रिणीच्या नंबरवर एवढं लांबलचक लिहिणं बरं वाटेना, म्हणून बऱ्याच वर्षांनी कागद घेतला. अक्षर वाईट आहे. दिवसभर चिमटा धरणाऱ्या हाताला पेन झेपत नाही, एवढी सबब चालवून घे.

फोनला चिकटवलेली तुझी चिठ्ठी वाचली. ‘बाबा, हा मेलाय. पार्ट्ससाठी ठेवून घ्या, मी नवीन बघते.’ मेलाय हा शब्द मी रोज ऐकतो. फोनचा एखादा भाग गेलेला असतो आणि माणसं आधीच रडून मोकळी झालेली असतात. तू तर मोबाइल दुरुस्तीवाल्याची मुलगी. निदान उघडून बघायला तरी सांगायचंस.

आधी चार्जिंगची वायर घालतो त्या खाचेत भिंगातून पाहिलं. तळाशी धाग्यांची घट्ट गादी बसली होती, जीन्सच्या खिशातली चार वर्षांची कमाई. तू वायर खुपसलीस की ती आणखी दाबली जायची, म्हणून तर वायर वाकडी धरल्याशिवाय चार्जिंग होत नव्हतं. फोन बंद करून लाकडी दातकोरण्याने ती हळूहळू उकरली. निळसर रंगाची, मण्याएवढी गोळी निघाली. एवढ्यावर किती फोन बाद होतात, तुला खोटं वाटेल. मात्र तिथे सुई किंवा पिन घालू नकोस, आतले काँटॅक्ट वाकतात आणि मग खरंच काम निघतं.

खरं दुखणं बॅटरीचं होतं. 30 टक्के दिसत असताना कॅमेरा उघडला की फोन बंद पडतो, असं तू म्हणत होतीस ना? बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. कॅमेरा एकदम जास्त करंट मागतो, व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि फोन बंद होतो. चार्ज शिल्लक असतो, पण हवा तेव्हा हवा तेवढा बाहेर येत नाही. शिवाय ती फुगायलाही लागली होती. काचेवर उताणा ठेवला तर फोन किंचित डुलत होता, मागचं कव्हर एका कडेने केसभर उचललेलं. आणि असा फोन तू उशीखाली ठेवून चार्ज करतेस, हे आईकडून कळलं. त्यावर प्रत्यक्ष भेटीत बोलू.

लहानपणी तू माझ्या शेजारी स्टुलावर बसून स्क्रू मोजायचीस. या वेळी एकट्याने मोजले. बॅटरीचा चार्ज आधी पूर्ण संपू दिला, मग मागचं कव्हर गरम करून गोंद सैल केला आणि प्लास्टिकचं पातळ कार्ड कडेकडेने फिरवलं. घाई केली की कार्ड खोल जातं आणि आतली कागदासारखी पातळ वायरीची पट्टी कापली जाते. कव्हर निघाल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढायचं, बाकी सगळं नंतर. स्क्रू मी कागदावर फोनचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी ठेवतो, कारण दिसायला सारखे असले तरी लांबी वेगळी असते. आखूड स्क्रूच्या भोकात लांब स्क्रू पिळला की तो खालच्या बोर्डात घुसतो, आणि चांगला फोन आपल्याच हातून जातो. बॅटरीखालची चिकटपट्टी अर्ध्यात तुटली. मग कडेने अल्कोहोलचे थेंब सोडून, थांबत थांबत बॅटरी सोडवली. फुगलेल्या बॅटरीखाली टोकदार काही घालायचं नाही.

नवी बॅटरी चांगली घातली आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण तू शाळेत असताना मी एका बाईंच्या फोनला स्वस्तातली डुप्लिकेट घातली होती. सहा महिन्यांत ती फुगली आणि डिस्प्ले आतून रेटून फोडला. दुरुस्तीने कचरा कमी होतो असं मी सगळ्यांना सांगत असतो, आणि त्या वेळी मी एका बॅटरीच्या दोन बॅटऱ्या आणि वर एक डिस्प्ले एवढा कचरा केला. डिस्प्ले पदरच्या पैशाने बसवून दिला, पण तो दिवस लक्षात राहिला.

आता तुझ्या चिठ्ठीतल्या शेवटच्या वाक्याबद्दल. ‘एका फोनने काय फरक पडतो, रिसायकल होतोच की.’ यातलं निम्मं बरोबर आहे. 2022 साली जगात 6.2 कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यात फोन, लॅपटॉप, राउटर वगैरे मिळून सुमारे 46 लाख टन, बाकी फ्रिज, पंखे, वायरी, खेळणी. वजनाने पाहिलं तर फोन म्हणजे चिमूटभर. पण फोनचा भार वजनात नसतो, तो घडवण्यात असतो. बड्या कंपनीचेच अहवाल वाच: फोनमुळे आयुष्यभरात जेवढा कार्बन हवेत जातो, त्यातला साधारण 80 टक्के तो तयार होतानाच गेलेला असतो. तू चार वर्षं रोज चार्ज केलास त्याचा हिशेब त्यापुढे किरकोळ. म्हणून फोन जितका जास्त टिकेल तितका तो पहिला खर्च जास्त वर्षांवर वाटला जातो. बॅटरी बदलून आणखी दोन-तीन वर्षं काढली की तेवढा काळ एक नवा फोन बनवायचा टळतो.

आणि ‘रिसायकल होतोच’ हे तर साफ चुकीचं. त्या 6.2 कोटी टनांपैकी रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद फक्त 22.3 टक्क्यांची आहे. उरलेल्यातलं काही घरात पडून राहतं, काही साध्या कचऱ्यात जातं. काही अशा ठिकाणी पोचतं जिथे तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळतात आणि सोन्यासाठी बोर्ड ॲसिडात बुडवतात. ते ॲसिड मग जमिनीत मुरतं.

रीतसर रिसायकलिंगला मी नावं ठेवत नाही. टोकियो ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकची मिळून सुमारे 5,000 पदकं जपानी लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तूंमधून बनवली, त्यात 62 लाख मोबाइल होते. एकूण जवळपास 79 हजार टन सामानातून 32 किलो सोनं निघालं, 3,500 किलो चांदी. कौतुक वाटावं असंच काम. पण फोनमध्ये सोन्या-चांदीपलीकडे बरंच असतं. डिस्प्लेच्या काचेवर इंडियम हा धातू असलेला थर असतो, स्पीकरच्या आणि थरथरणाऱ्या मोटरच्या चुंबकात निओडिमियम. हे धातू इतके कणाकणाने पसरलेले असतात की परत काढणं परवडत नाही. निओडिमियमसारख्या दुर्मिळ मृदा धातूंची जेमतेम 1 टक्का मागणी ई-कचऱ्यातून भागते. तेच मी बंद पडलेल्या फोनमधली मोटर काढून दुसऱ्या फोनला बसवली, तर ते निओडिमियम भट्टीत न जाता पुन्हा थरथरायला लागतं. माझ्या खणातले फोन बघून आई ‘ही अडगळ काढा’ म्हणते. तो माझा पार्ट्सचा साठा आहे!

अलीकडे त्या साठ्यावरही गदा आली आहे. काही फोनमध्ये प्रत्येक भागाचा नंबर सॉफ्टवेअरने बोर्डाशी बांधलेला असतो. त्याच मॉडेलचा, कंपनीचाच डिस्प्ले दुसऱ्या फोनमधून काढून लावला तरी ‘अनोळखी भाग’ म्हणून सूचना येऊ शकते, कधी एखादी सोय बंद होते. गिऱ्हाईक माझ्याकडे चोर असल्यासारखं बघतं. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून नियम लागू झाला आहे: मॉडेलची विक्री थांबल्यावर सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत, आणि बॅटरीने 800 वेळा पूर्ण चार्ज होऊन उतरल्यावरही 80 टक्के क्षमता राखली पाहिजे. शिवाय दुरुस्तीला फोन किती सोपा, याचा दर्जा लेबलवर छापायचा. माझ्यासारख्याचं काम कंपन्यांच्या मर्जीवर न राहता कायद्याने मान्य होतंय, हे वाचून बरं वाटलं.

तुझ्या मैत्रिणींच्या खणात बंद फोन पडलेले असणारच. गोळा करून आण, मी बघतो. मात्र आधी फोनमधले फोटो दुसरीकडे कॉपी करून घ्यायला सांग, मग अकाउंटमधून बाहेर पडायचं आणि शेवटी रीसेट. अकाउंट तसंच राहिलं तर फोन लॉक राहतो. धडधाकट फोन आणि पासवर्ड कुणाला आठवत नाही, असे कितीतरी मला केवळ पार्ट्ससाठी फोडावे लागले आहेत. ते करताना हात जड होतो.

जन्मभर एकच फोन वापर, असं मी म्हणत नाही. सुरक्षेचे अपडेट थांबले की त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. तुझ्या फोनला अजून दोन वर्षं अपडेट येणार आहेत, मी पाहून घेतलं. ते थांबले की नवा घे, आणि हा आजीला गाणी ऐकायला दे. आणि दुरुस्त केलेला जुना फोन हाताशी आहे म्हणून नवाही घ्यायचा, असं केलंस तर माझी सगळी मेहनत पाण्यात.

पाण्यावरून आठवलं. कव्हर एकदा उघडल्यावर पाणी अडवणारं सील पूर्वीसारखं राहत नाही. नवी गोंदपट्टी लावली आहे, तरी पावसात बाहेर काढू नकोस. फोन अडकतो ती तक्रार मेमरी भरल्यामुळे होती. व्हिडिओ पेन ड्राइव्हवर काढले आहेत, तो खोक्याच्या तळाशी आहे. तुझी जुनी बॅटरी वाळूच्या डब्यात ठेवली आहे, पुढच्या फेरीत बाकीच्यांबरोबर ई-कचरा केंद्रात नेऊन देईन.

पहिल्यांदा सुरू केलास की तारीख कदाचित चुकीची दिसेल, नेटवर्क आलं की जागेवर येईल. स्क्रू एकही उरला नाही. दोनदा मोजले.

तुझा,
बाबा