गेम तयार होण्याआधीच्या पैशांबद्दल

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

अ‍ॅनिमेशन आणि गेमिंग उद्योगाच्या राज्य धोरणाला मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली आणि २०५० पर्यंतचा ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा आखला, याचा या धंद्यातल्या माझ्यासारख्यांना आनंदच आहे. हा पैसा कोणत्या टप्प्यावर पोचावा, एवढ्यापुरतेच हे पत्र.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ आपण पाहिला असेल. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणारी त्रिशूळधारी मुलगी, राजस्थानी धाटणीचे महाल आणि कथा पुढे नेणाऱ्या छायाबाहुल्या असलेला हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विच या गेम खेळण्याच्या यंत्रावर आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. पण त्याआधी, २०१७ मध्ये, लोकांकडून वर्गणी जमवण्याच्या किकस्टार्टर या संकेतस्थळावरची त्यांची मोहीम फसली होती, आणि तिथे उद्दिष्ट हुकले की जमलेल्यातला एक रुपयाही हाती पडत नाही. संस्थापकांपैकी एकाने घर विकले, तेव्हा काम चालू राहिले. सगळ्यांकडे विकायला घर नसते.

मी स्वतः कर्जासाठी एका बँकेत गेलो, तेव्हा साहेबांनी यंत्रसामग्रीचे कोटेशन मागितले. माझ्याजवळ दोन लॅपटॉप आणि वीस मिनिटांचा डेमो होता. साहेबांनी तो खेळून पाहिला, त्यांना आवडलाही. तारणाचा रकाना मात्र कोराच राहिला.

करसवलत नफा झाल्यावर कामाची, आणि उद्योगांच्या पार्कमधला गाळा भाडे परवडू लागल्यावर. आम्हाला नड असते ती पहिल्या वर्ष-दीड वर्षाच्या पगारांची. फिनलंडच्या टेकेस या सरकारी संस्थेने सुपरसेलला सुरुवातीच्या काळात अर्थसाहाय्य केले होते. २०१० मध्ये स्थापन झालेल्या त्या कंपनीचा ५१ टक्के हिस्सा २०१३ मध्ये दीड अब्ज डॉलरला विकला गेला.

तेव्हा विनंती अशी की, धोरणातला काही निधी डेमोच्या टप्प्यावरच, कामाच्या प्रगतीप्रमाणे हप्त्यांनी द्यावा, निवड समितीत स्वतः गेम बाजारात आणलेली माणसे असावीत आणि गेमचे हक्क स्टुडिओकडेच राहावेत. विक्रीतून परतफेड घ्यायलाही हरकत नाही. फक्त स्टीमसारखे गेम विकणारे ऑनलाइन दुकान आधीच ३० टक्के कापून घेते, हे धरून ती आखावी.

आपण वीस मिनिटे दिलीत, तर डेमो घेऊन मी मंत्रालयात येईन. कंट्रोलरही माझाच आणीन.

आपला नम्र,
पुण्यातील एक गेम डेव्हलपर