पालकमंत्री साहेब, तुमचे आठ दिवस कधी संपतात?

मा. पालकमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

26 जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर ट्रस्टच्या नव्या अध्यक्षाची नोंद रखडल्याचा आमचा अर्ज हातात घेऊन आपण म्हणाला होता, "आठ दिवसांत काम होऊन जाईल." आता पऱ्हाटीवर दुसरी फवारणी सुरू आहे. परवा बँकेनं पुन्हा चेक परत केला, म्हणून हे उघड लिहितोय.

आमचा ट्रस्ट लहान. एक अभ्यासिका, आठवी ते दहावीच्या पोरींचा गणित-इंग्रजीचा संध्याकाळचा वर्ग, बचतगटाच्या बायांसाठी चार शिलाई मशीन. अध्यक्ष वारले, त्यांच्या जागी माझी निवड झाली. कायद्यानं 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचा अर्ज, धर्मादाय कार्यालयात द्यायचा, तो मुदतीत दिला. हरकत कोणाचीच नाही. तरी शेड्यूल वनवर, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर, मयत माणसाचंच नाव, आणि बँकेला सही त्यांचीच पाहिजे. कुठून आणू? मुदत आम्हाला, कार्यालयाला फक्त तारखा. बाबू मोबाइलमधून मान वर न काढता म्हणतो, "साहेबांची बदली झाली, पुढच्या महिन्यात या."

शिकवणाऱ्या दोघी गावच्याच सुना. त्यांचं मानधन मी घरात राखून ठेवलेलं सोयाबीन विकून दिलं. 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4892 होता, व्यापाऱ्यानं ओलावा दाखवून किती कापलं ते इथं लिहीत नाही, घरात पुन्हा भांडण पेटेल. बायको आधीच म्हणते, "ट्रस्टले दत्तक घेतलं का तुमी?" जिल्ह्याला खेटे घालता घालता बीपीची गोळी लागली, तिचा खर्च कोणत्या हेडखाली टाकू तेही सांगा.

एका कंपनीनं सीएसआरमधून, म्हणजे समाजकामाच्या निधीतून, संगणक कबूल केले होते. कागद अपुरे, 31 मार्च उलटला, संगणक दुसरीकडं गेले. नफ्याच्या दोन टक्क्यांचा हा कायदा 2013 चा. त्यातले निम्मे पैसे तरी मुंबई-पुण्यातच जिरत असतील. माझा अंदाज चूक असेल तर खरा आकडा आपण जाहीर करा.

आम्हा विदर्भाच्या वाट्याला नेहमी उरलंसुरलंच. विदर्भाला महाराष्ट्रात घेताना झालेल्या 1953 च्या नागपूर करारातलं वर्षाचं एक नागपूरचं विधिमंडळ अधिवेशन तेवढं आपण पाळता, हुरड्याच्या हंगामात; कोरोनात दोन वर्षं तेही मुंबईत उरकलं. दांडेकर समितीनं 1984 ला विकासाचा अनुशेष मोजून दिला. तो भरून काढायला नेमलेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली, मुंबईत कोणाची झोप उडाली? मग माझ्या चेंज रिपोर्टसाठी कोण जागणार!

सत्कार नको, निधी नको. अर्जावर आदेश काढायला लावा. होत नसेल तर कारण लेखी द्या, म्हणजे पोरींच्या मायबापांना तो कागद दाखवता येईल.

आपला,
ट्रस्टचा अध्यक्ष
(नोंद बाकी)