‘रॅम्पचे काम पूर्ण’ ही ओळ इतिवृत्तातून काढण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय : बी विंगच्या प्रवेशद्वारावरील तीन पायऱ्या व लोखंडी फळी (पत्र चौथे)

महोदय,

स. न. वि. वि.

माझा भाऊ व्हीलचेअर वापरतो, त्याच्यासाठी प्रवेशद्वारावरच्या पायऱ्यांवर रॅम्प हवा, या विषयावरचं हे माझं चौथं पत्र. पहिल्याला ‘विचाराधीन’ असं उत्तर आलं, दुसऱ्याला काहीच आलं नाही. तिसरं दिल्यावर सचिवांनी लिफ्टपाशी थांबवून सांगितलं, “ताई, तुमचं काम झालंय, इतिवृत्त बघा.” मी बघितलं. गेल्या सभेच्या इतिवृत्तात लिहिलंय : ‘बी विंग प्रवेशद्वाराशी रॅम्पचे काम पूर्ण.’ हे पत्र त्या एका ओळीमुळे लिहावं लागतंय.

मी टेप घेऊन मोजमाप केलं. पायऱ्या तीन, प्रत्येकी १५ सेंटिमीटरची, म्हणजे एकूण चढ ४५ सेंटिमीटर. व्हीलचेअरच्या रॅम्पचा उतार १ ला १२ पेक्षा तीव्र नसावा, ही बांधकामातली सर्वमान्य गोष्ट आहे. कोणत्याही इंजिनिअरला विचारा. त्या हिशेबाने आपल्याला ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प लागतो. शिवाय वर-खाली खुर्ची वळवायला दीड मीटर सपाट जागा हवी आणि दोन्ही बाजूंना धरायला कठडा हवा. आपण टाकलेली लोखंडी फळी दीड मीटरची आहे. तिचा उतार १ ला ३ च्या आसपास येतो. एवढ्या चढावर खुर्ची ढकलली की पुढची चाकं उचलली जातात आणि माणसासकट खुर्ची मागे उलटू शकते. उतरताना माणूस पुढे फेकला जातो. फळीला कठडा नाही आणि ओली झाली की ती चालणाऱ्यालाही घसरवते. माझा भाऊ तिच्यावरून एकदाही गेलेला नाही, जाणारही नाही. जी वस्तू वापरता येत नाही, तिला ‘काम पूर्ण’ म्हणता येत नाही.

समितीचं म्हणणं मला ठाऊक आहे : “आपले वॉचमन आहेत ना, हाक मारली की दोघं उचलून नेतात.” आमचे दोन्ही वॉचमन मनाने फार चांगले आहेत. त्यांच्याविरुद्ध माझा एक शब्दही नाही. पण माणसाला उचलणं हे त्यांचं काम नाही, ते त्यांना कोणी शिकवलेलंही नाही. मे महिन्यात त्यांनी खुर्ची हाताच्या दांड्यांना धरून उचलली. बऱ्याच व्हीलचेअरचे हे दांडे काढता-घालता येणारे असतात. एक दांडा हातात सुटून आला आणि खुर्ची कलली. भाऊ पडला नाही, पण त्याचा पाय खुर्चीची पाय ठेवायची पट्टी आणि पायरी यांच्यामध्ये अडकून खरचटला. त्याच्या मणक्याला इजा आहे, कमरेखाली संवेदना नाही. पायाला लागलंय हे त्याला कळलंच नाही. रात्री मोजा काढताना रक्त दिसलं. अशा पायावरची जखम भरायला सहा आठवडे लागले. मी तेव्हाच समितीला कळवलं होतं. पोच माझ्याकडे आहे.

आणखी एक गोष्ट लिहिते. ती भावाला विचारून लिहिते आहे, कारण त्याच्याबद्दलचं काही त्याच्या संमतीशिवाय चार लोकांसमोर जाऊ नये असं मला वाटतं. मणक्याच्या दुखापतीत लघवीवरचा ताबा जातो आणि ठरावीक तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते. वेळ चुकली तर संसर्ग होतो, तो मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर वॉचमन पंपावर असेल, जेवायला गेला असेल, किंवा दुसरा रजेवर असेल, तर भाऊ खाली बसून राहतो. कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास. म्हणून बाहेर जायच्या दिवशी तो पाणीच कमी पितो, आणि त्याच्या प्रकृतीला तेच सगळ्यात घातक आहे. तीन पायऱ्यांमुळे एक ४१ वर्षांचा, स्वतः कमावणारा माणूस तहानलेला राहतो. हे वाचूनही कोणाला ही ‘किरकोळ तक्रार’ वाटत असेल तर माझा नाइलाज आहे.

आता १०१ क्रमांकाच्या सभासदांविषयी. इतकी वर्षं मी त्यांचं नाव कुठल्याही पत्रात घेतलं नाही, आजही घेत नाही. पण समितीचा रॅम्प साडेपाच मीटरऐवजी दीड मीटरचा झाला तो त्यांच्यामुळे, हे सगळ्या विंगला माहीत आहे. त्यांचे आक्षेप मी लिहून ठेवलेत. रॅम्प त्यांच्या खिडकीसमोरून जाईल, मुलं त्यावर सायकली चालवतील, इमारतीची शोभा जाईल. खिडकीसमोरची ती जागा सोसायटीची आहे, त्यांची नाही. तिथे त्यांच्या अकरा कुंड्या आणि एक जुना झोपाळा आहे. सामाईक जागेत खाजगी सामान ठेवू नये ही सूचना गेल्या वर्षी आपल्याच सहीने फलकावर लागली होती. माझ्या चपलांच्या स्टँडसाठी मला नोटीस आली आणि मी तो दुसऱ्या दिवशी आत घेतला. कुंड्या जागच्या जागी आहेत. कठडा असलेल्या रॅम्पवर मुलं खेळलीच तर मला आनंदच होईल, पण तो प्रश्न वेगळा.

याच गृहस्थांनी लिफ्टसमोर, चार माणसांदेखत, “आजारी माणसाने रोज बाहेर पडायचा हट्ट कशाला” असं म्हटलं. भाऊ समोर होता. तो आजारी नाही. तो रोज नोकरीला जातो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या कलम ९२ मध्ये दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करण्याला सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा सांगितली आहे. मी त्या वाटेने गेलेले नाही, कारण शेजाऱ्याशी शेजाऱ्यासारखं वागायची मला सवय आहे. पण सहन करण्यालाही मर्यादा असते.

त्याच कायद्याचं कलम ५ दिव्यांग व्यक्तीला समाजात, इतरांच्यात राहण्याचा हक्क देतं. सचिव म्हणाले, कायदा सरकारी कचेऱ्यांसाठी आहे. तसं असतं तर ‘समाजात राहणं’ हे शब्द तिथे आले नसते. माणूस कचेरीत राहत नाही, घरात राहतो. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांगांच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि आपल्या देशाने २००७ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यातलं कलम १९ सुद्धा हेच सांगतं. कायद्यात ‘वाजवी सोय’ म्हणताना समोरच्यावर अवाजवी बोजा पडू नये असंही लिहिलंय, तेही मी वाचलंय. ज्या समितीने एका वर्षात गेट दोनदा रंगवलं, तिला साडेपाच मीटर काँक्रीटचा बोजा अवाजवी कसा होतो ते मला समजावून सांगावं.

समितीने एक पर्याय दिला होता, तोही नोंदवते, नाहीतर ‘यांनी पर्याय नाकारला’ एवढंच सांगितलं जातं. पंपाच्या खोलीमागचं दार. तिथे पायरी नाही हे खरं. पण तिथे कचऱ्याचे सहा डबे असतात, कायम पाणी साचतं आणि रात्री नऊला कुलूप लागतं. भाऊ एवढंच म्हणाला, “मी माझ्या घरात कचऱ्याच्या वाटेने येणार नाही.” मला त्याचं म्हणणं शंभर टक्के पटतं.

३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, आपण त्याचा सत्कार केलात. हेतू चांगला होता, मी शंका घेत नाही. पण कार्यक्रम क्लबहाऊसच्या पहिल्या मजल्यावर होता आणि तिथे लिफ्ट नाही. चौघांनी त्याला खुर्चीसकट वर नेलं, टाळ्या वाजल्या, पुष्पगुच्छ दिला, फोटो ग्रुपवर टाकला. त्या रात्री तो माझ्याशी बोलला नाही. सकाळी म्हणाला, “ताई, मला पुष्पगुच्छ नको होता. मला आपल्या पायांनी निघून येतात तसं तिथून निघून यायचं होतं.”

मी एकटीच बोलते आहे असं समजू नये. बी विंगच्या २८ पैकी १७ घरांच्या सह्या सोबत जोडल्या आहेत. आणखी पाच जणांनी तोंडी पाठिंबा दिला, १०१ शी संबंध बिघडायला नको म्हणून सही केली नाही. २०३ मधल्या काकूंचे दोन्ही गुडघे बदललेत, त्या कठड्यासाठी आतुर आहेत. बाबागाडीवाल्या दोन्ही सूनबाई म्हणाल्या, “कधीचंच करायला हवं होतं.” सिलिंडर आणि सामान घेऊन येणारी मुलं तर रोज त्या पायऱ्यांना शिव्या घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगात सहातल्या एका माणसाला काही ना काही लक्षणीय अपंगत्व असतं. त्यामुळे ‘एका माणसासाठी एवढा खर्च’ हे वाक्य पुढच्या सभेत कृपया कोणी उच्चारू नये. ४०४ मधले आजोबा आता अंधुक पाहतात आणि आपली लिफ्ट मजला बोलून दाखवत नाही. तेही लिहिणार होते. मीच म्हटलं, आधी माझं पत्र जाऊ दे.

मागण्या मोठ्या नाहीत. फळी आठ दिवसांत काढावी, कोणाचा तरी हातपाय मोडायच्या आत. कुंड्या आणि झोपाळा हलवण्याची लेखी सूचना १०१ ला मला दिली होती त्याच भाषेत द्यावी. रॅम्पचा नकाशा ठरवताना माझ्या भावाला बोलवावं, मला नाही. खुर्ची तो चालवतो. आणि ती सभा पार्किंगमध्ये घ्यावी, क्लबहाऊसमध्ये नाही.

यातलं बाकी काही लगेच जमणार नसेल, तर निदान इतिवृत्तातली ‘रॅम्पचे काम पूर्ण’ ही ओळ खोडून तिथे ‘रॅम्प झालेला नाही’ असं लिहावं आणि त्यावर आपली सही करावी. त्याची एक प्रत मला हवी आहे.

कळावे,

आपली,
एक सभासद
बी विंग, तिसरा मजला

सोबत : १७ सह्या, मापांचा कागद, मे महिन्यातील पत्राची पोच