बाप्तिस्मा झाला म्हणजे सभासद झाला, असे नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ख्रिस्ती मंडळ्यांविषयी बातमी देताना प्रार्थनेला आलेली माणसे मोजायची आणि तोच आकडा चर्चचे सभासद म्हणून छापायचा, हा प्रकार वर्तमानपत्रांत सर्रास चालतो. कॅथलिक नसलेल्या सगळ्यांना सरसकट ‘पेंटेकोस्टल’ म्हणून मोकळे होण्याचीही सवय पडली आहे. बुलडाणा-वाशिम पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या चर्च ऑफ द नाझरीन या प्रोटेस्टंट चर्चच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी चूक आहेत. बातमीदारांना काय दोष द्यावा, वर्षानुवर्षे उपासनेला येणाऱ्या घरांतही सभासदत्वाची नीट माहिती नसते. पाळकाच्या, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूच्या, निवडीचे मतदान आले किंवा नोकरीसाठी गाव सोडायची वेळ आली की ही अडचण उघडी पडते.

हे चर्च अमेरिकेतल्या पवित्रतेच्या चळवळीतून, म्हणजे शुद्ध हृदयावर आणि जीवनावर भर देणाऱ्या चळवळीतून निघाले. फिनीअस ब्रेसी यांनी १८९५ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू केलेली मंडळी आणि त्याच विचाराचे इतर गट एकत्र येत गेले आणि १९०८ मध्ये टेक्सासमधल्या पायलट पॉइंट येथे हे ऐक्य पक्के झाले. सुरुवातीला नावात ‘पेंटेकोस्टल’ होते. पुढे अन्य भाषांत बोलण्यावर भर देणारी चळवळ त्याच नावाने ओळखली जाऊ लागली, तेव्हा गल्लत नको म्हणून १९१९ मध्ये ते काढून टाकले. शिकवणुकीचे वळण अठराव्या शतकातले इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांचे, म्हणजे मेथडिस्टांच्या जवळचे.

विश्वासाची कलमे १६ आहेत. त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा एकच देव), ख्रिस्ताचे प्रायश्चित्त, पश्चात्ताप, द्वितीयागमन (ख्रिस्ताचे पुन्हा येणे) हे इतर सुवार्तिक (बायबल आणि वैयक्तिक विश्वासावर भर देणाऱ्या) मंडळ्यांसारखेच. वेगळेपण दहाव्या कलमात, संपूर्ण पवित्रीकरणात. नवा जन्म, म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवून नवे जीवन सुरू, झाल्यावरही माणसाच्या मनात पापाचा ओढा उरतो. पूर्ण समर्पण करून विश्वास ठेवला की देव तो ओढा काढून हृदय शुद्ध करतो, अशी ही शिकवण आहे. ‘म्हणजे यांच्या हातून चूकच होत नाही का?’ असे लोक विचारतात. तसा दावा कलमात नाही. शुद्ध हृदय आणि परिपक्व स्वभाव यांत तिथे स्पष्ट फरक केला आहे: पहिले क्षणात मिळते, दुसऱ्याला कृपेत वाढत जावे लागते. तारण (पापापासून सुटका) मिळालेला माणूस मागे फिरून ते गमावू शकतो, हेही हे चर्च मानते. मनावर घेण्यासारखे आहे चौदावे कलम. देव आजाऱ्यांना बरे करतो म्हणून प्रार्थना करावी आणि वैद्यकशास्त्राच्या साधनांतूनही तोच बरे करतो, असे हे कलम सांगते. वाशिमचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल याच चर्चने उभे केले. प्रार्थना केली म्हणून औषध बंद करा, असे कोणी नाझरीन चर्चच्या नावाने सांगत असेल, तर ते त्याचे स्वतःचे मत समजावे.

बाप्तिस्मा शिंपडून, ओतून किंवा बुडवून, घेणाऱ्याच्या पसंतीने दिला जातो. आईवडिलांनी मागितल्यास बाळालाही देतात. ज्यांना तसे नको असते ते बाप्तिस्मा न देता बाळाचे देवाला समर्पण करतात. खरी गफलत इथूनच सुरू होते. लहानपणी बाप्तिस्मा झाला, पुढे संडे स्कूल झाले, तरुण संघात गाणी म्हटली, म्हणून आपण सभासद, असे मुले धरून चालतात. प्रत्यक्षात पूर्ण सभासद होण्यासाठी प्रत्येकाला स्वतः पुढे यावे लागते. पाळक त्याला विश्वासाची कलमे, ख्रिस्ती चारित्र्याचा व आचरणाचा करार, सभासदाचे हक्क आणि जबाबदाऱ्या समजावून सांगतात. मग सभासदत्वाचे काम पाहणाऱ्या समितीशी विचारविनिमय होतो आणि त्यानंतर उघड उपासनेत सर्वांसमोर त्याला स्वीकारतात. त्या वेळी येशू ख्रिस्त तुझा तारणारा आहे का, या मंडळीच्या सहभागितेला आणि कामाला तू स्वतःला वाहून घेशील का, असे प्रश्न विचारले जातात आणि उत्तर स्वतःच्या तोंडाने द्यावे लागते. दारू आणि तंबाखू वर्ज्य, शपथेने बांधलेल्या गुप्त संघटनांचे सभासदत्वही वर्ज्य. दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देण्याची शिकवण आहे, पण सभासद होण्यासाठी फी नाही.

मतदानाचा हक्क वयाची १५ वर्षे पूर्ण झालेल्या, पूर्ण आणि सक्रिय सभासदांनाच असतो. सहयोगी सभासद असाही एक प्रकार आहे. त्यांना बाकी सर्व लाभ मिळतात, मात्र मत देता येत नाही आणि पदही घेता येत नाही. पाळकाचे नाव चर्च बोर्ड (मंडळीचा कारभार पाहणारी समिती) सुचवते, चर्चच्याच जिल्हा अधीक्षकांची मान्यता लागते आणि मग गुप्त मतदानात दोन-तृतीयांश मते पडावी लागतात. अशा दिवशी वीस वर्षे पहिल्या बाकावर बसणाऱ्या माणसाला चिठ्ठी मिळत नाही आणि तिथून भांडण पेटते. चिठ्ठी वाटणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्या माणसाला एवढ्या वर्षांत कोणी बोलावून सभासदत्वाविषयी विचारले नाही, ही मंडळीची चूक आहे. कोण सभासद आणि कोण येणारे-जाणारे, याची यादी पाळक आणि सेक्रेटरी यांनी मतदानाच्या आदल्या आठवड्यात न शोधता वर्षाच्या सुरुवातीलाच तपासावी.

सर्वांत जास्त नुकसान स्थलांतरात होते. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने कोणत्याही उपासनेला न आलेल्या सभासदाला बोर्ड निष्क्रिय ठरवू शकते. त्याचे मत आणि पद दोन्ही थांबते. त्यानंतर दोन वर्षे उलटली की नाव यादीतून काढताही येते. निष्क्रिय ठरलेल्याला पुन्हा सक्रिय व्हायचे असल्यास त्याने लेखी विनंती करून सभासदत्वाच्या वचनांची पुन्हा कबुली द्यावी, उपासनेत पुन्हा सामील व्हावे. बोर्डाने ६० दिवसांत उत्तर देणे अपेक्षित आहे. चिखलीचा मुलगा पुण्याला नोकरीला जातो, तिथल्या मंडळीत मनापासून सेवा करतो, पण नाव मात्र चिखलीतच राहते. काही काळाने तिथे तो निष्क्रिय ठरतो, पुण्यात तो अजून पाहुणाच असतो.

यावर उपाय म्हणजे जाण्याआधी पत्र घेणे. पण कोणते पत्र, हे नीट पाहावे. दुसऱ्या गावच्या नाझरीन मंडळीत जायचे असेल तर बदलीपत्र मागावे. नव्या मंडळीने स्वीकारल्याची पोच येईपर्यंत जुन्या मंडळीतले सभासदत्व कायम राहते. शिफारसपत्र मात्र दुसऱ्या सुवार्तिक चर्चमध्ये जाणाऱ्यासाठी असते आणि ते हातात पडताच इथले सभासदत्व संपते. ‘चांगले पत्र द्या’ एवढेच सांगून घाईत शिफारसपत्र घेणारा माणूस नकळत दोन्हीकडून बाहेर पडतो. बदलीपत्राची मुदत फक्त तीन महिने असते. खोली बघणे, सामान हलवणे, मुलांच्या शाळा यात ती कधी संपते कळत नाही. म्हणून नव्या गावातल्या पहिल्याच रविवारी ते तिथल्या पाळकांकडे द्यावे, आणि पोच जुन्या मंडळीला गेली का, हे दोन्ही ठिकाणी विचारून घ्यावे.

आपला,
एक वाचक, वाशिम